लसूण

लसूण (सं. लशुन, रसोन, कों. लोसूण, शास्त्रीय नाव ॲलियम सटायव्हम) : कांद्याच्या प्रजातीतील ही कंदवर्गीय वनस्पती मूळची मध्य आशियातली. सहा रसांपैकी आंबट तेवढा हिच्यात ऊन, म्हणजे उणा, म्हणून ‘रसोन’. आजच्या चीनमधील कुचा येथे १८९० मध्ये सापडलेल्या बॉवर हस्तलिखित या प्राचीन संस्कृत पोथीची सुरुवातच लसणाच्या गुणवर्णनाने होते. राहूचा गळा चिरला तेव्हा सांडलेल्या थेंबांतून लसूण उगवली, ही कथाही त्यात आहे. ब्राह्मणांनी ती का खाऊ नये, याचे कारण तिथेच मिळते.

गोव्यात ही शिवाशिव अजून पाळली जाते. देवाचा नैवेद्य आणि चतुर्थीचे खतखते यांत लसूण चालत नाही. एरवी त्याच घरात तांबड्या भाजीची फोडणी आणि सोलकढी लसणीवाचून अळणी वाटते.

मिरची, बटाटा, काजू पोर्तुगीजांबरोबर आले. लसूण मात्र त्यांनी गोवा जिंकला त्या १५१० च्या कितीतरी आधीपासून या भूमीत होती. त्यांनी आणली ती तिची एक रीत. मांस वाइन आणि लसणीत मुरवण्याच्या ‘विन्या द आल्युश’ या पद्धतीत वाइनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली, मिरची पडली आणि विंदालू झाले. नावातला ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे, पोर्तुगीज ‘आल्यु’, अर्थात लसूण. बटाटे घातलेले विंदालू परराज्यांतील हॉटेलांत सर्रास मिळते. ती निव्वळ गैरसमजाची पाककृती आहे. रेशाद मसाला (मासळीत भरायचे तांबडे वाटण) आणि चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) यांचाही जीव लसणीतच. पावसाळ्याच्या बेगमीला, म्हणजे पुरुमेंताला, मे महिन्यात मिरची, चिंच, सुक्या मासळीबरोबर लसूणही भरून ठेवतात.

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की ॲलिइन या घटकावर ॲलिनेज या विकराची (एन्झाइमची) क्रिया होऊन ॲलिसिन तयार होते. १९४४ मध्ये ते वेगळे काढण्यात आले. उष्णतेने विकर निकामी होतो, म्हणून ठेचलेली लसूण दहा मिनिटे तशीच ठेवून मग फोडणीत टाकणे शहाणपणाचे. उच्च रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांवर तिचा थोडासा उपयोग दिसतो, पण ती गोळ्यांना पर्याय नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रियेपूर्वी लसणीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

त्वचेच्या बाबतीत मात्र घरगुती सल्ले धोक्याचे आहेत. लसणीतील अजोईन बुरशीला मारते, त्यापासून केलेल्या मलमाचे नायट्यावरील छोटे प्रयोग आशादायक ठरले. पण मलम वेगळे आणि मुरुमावर चोळलेली कच्ची पाकळी वेगळी. कच्च्या लसणीने कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग राहतात. लहान मुलांच्या अंगावर तिचा लेप लावूच नये. रोज किलोने लसूण सोलणाऱ्या आचाऱ्यांच्या बोटांची टोके लसणीच्या ॲलर्जीनेही सोलवटतात आणि चिरतात.