कत्तलखान्यातील जनावरांची हाताळणी व वाहतूक

कत्तलीसाठी निघालेले जनावर गाडीत चढवण्यापासून ते बेशुद्ध करेपर्यंतची सर्व कामे त्याला कमीत कमी भीती, वेदना व दमणूक होईल अशा रीतीने करण्याची पद्धती. गुरे, शेळ्या-मेंढ्या, डुकरे आणि घोडे यांचा तिच्यात विचार होतो. कोंबड्यांची ने-आण पिंजऱ्यांतून होत असल्याने त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. जिथे जीवच घ्यायचा तिथे दयेची भाषा कशाला, असा आक्षेप या विषयावर हमखास येतो. पण प्रत्यक्ष मारण्याला थोडाच वेळ लागतो. त्याआधीचे काही तास, कधी काही दिवस जनावर पूर्ण शुद्धीवर असते. टाळता येण्याजोगा बराचसा त्रास त्याच वेळात होतो.

प्रवासात सर्वांत अवघड क्षण चढवण्या-उतरवण्याचे. एरवी सपाटीवर वावरणाऱ्या जनावराला फळीचा चढ बिचकवतो आणि पाय घसरला की ते पुढे यायला तयार होत नाही. म्हणून युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमात डुकरे, वासरे व घोड्यांसाठी फळीचा चढ २० अंशांपेक्षा जास्त नसावा असे बंधन आहे, आणि १० अंशांच्या वर आडव्या पट्ट्या ठोकाव्या लागतात. गाडीत दाटी झाली तर खाली पडलेले जनावर पुन्हा उठू शकत नाही आणि इतरांच्या खुरांखाली तुडवले जाते. फारच मोकळी जागा असली तर प्रत्येक वळणाला ते इकडून तिकडे फेकले जाते. चालकाचा पाय ब्रेकवर कसा पडतो, यावरही मुका मार किती बसणार हे ठरते. डुकरांना घामावाटे अंग थंड करता येत नाही, शिवाय त्यांना गाडी लागते. त्यामुळे निघण्यापूर्वी काही तास त्यांचे खाणे बंद ठेवतात आणि उन्हाळ्यात भरलेली गाडी उभी करून ठेवत नाहीत, कारण गाडी थांबली की वारा थांबतो आणि आतला उकाडा झपाट्याने वाढतो.

कत्तलखान्यात उतरल्यावर जनावरांना विश्रांतीच्या वाड्यात ठेवतात. तिथे सतत पाणी हवे, मुक्काम लांबला तर चाराही. अनोळखी कळपांतली जनावरे एकत्र कोंडू नयेत. विशेषतः वळू आणि नर डुकरे एकमेकांवर तुटून पडतात, आणि मग विश्रांती नावापुरतीच उरते.

हाकण्याचे शास्त्र जनावराच्या डोळ्यांपासून सुरू होते. गाईबैलांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र नेमके पाठीमागचे दिसत नाही आणि खोलीचा अंदाज नीट येत नाही. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की जनावर सरकू लागते. त्याच्या खांद्याच्या मागे उभे राहिले तर ते पुढे जाते, खांद्याच्या पुढे गेले तर मागे हटते. हे जाणणाऱ्या गड्याला काठी क्वचितच उचलावी लागते. उलट आरडाओरडा, शिट्ट्या आणि लोखंडी फाटकांचा खणखणाट यांनी जनावर बिथरते.

रांगेतले पहिले जनावर अडते ते बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी: लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, ओल्या फरशीवरची चमक, गटारावरची जाळी, तोंडावर येणारा वाऱ्याचा झोत. मागची रांग तुंबते, काम खोळंबते आणि गडी विजेची टोचणी हातात घेतो. खरा उपाय साखळी काढणे किंवा दिवा हलवणे हा असतो. अंधाराकडून उजेडाकडे जनावरे खुशीने जातात, पण झगझगीत दिवा थेट डोळ्यांवर आला तर नाही. अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी गुरांना कत्तलीच्या जागेकडे नेणाऱ्या अरुंद बोळातून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाऊन हे अडथळे शोधले. वळणदार बोळ आणि बाहेरची हालचाल दिसू न देणाऱ्या भरीव भिंती यांचा प्रसार मुख्यतः त्यांच्या आराखड्यांमुळे झाला.

त्याहून मोलाचे काम मात्र त्यांच्या मोजमापाचे म्हणावे लागेल. 'प्राण्यांशी दयेने वागा' या सूचनेवर वाद घालता येतो, आकड्यांवर तितका घालता येत नाही. शंभरांतली किती गुरे हंबरली, किती पडली, किती जणांना टोचणी लागली, किती डोक्यावर चालवायच्या पिस्तुलाच्या पहिल्याच फटक्यात बेशुद्ध झाली, हे तपासनीस उभा राहून मोजतो. पडण्याचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा आणि हंबरण्याचे ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा ठरली. १९९६ च्या अमेरिकेतील पाहणीत ९५ टक्के गुरे एकाच फटक्यात बेशुद्ध करणारे कत्तलखाने फक्त ३० टक्के निघाले. १९९९ पासून मोठ्या उपाहारगृह साखळ्या अशी तपासणी करू लागल्या आणि चित्र पालटले. बहुतेक ठिकाणी नवी इमारत लागली नाही. बेशुद्ध करणाऱ्या पिस्तुलाची निगा, न घसरणारी फरशी, दिव्यांची फेररचना आणि गड्यांचे प्रशिक्षण एवढ्याने काम भागले.

व्यापाऱ्याचा स्वार्थही इथे दयेच्या बाजूने आहे. दीर्घ ताणाने स्नायूंतली साखर संपते, मग मांसाची आम्लता पुरेशी वाढत नाही आणि ते काळपट, कोरडे, लवकर बिघडणारे होते. डुकरांमध्ये ऐन कत्तलीपूर्वीच्या घबराटीने उलटा परिणाम होतो: मांस फिके व लिबलिबीत पडते, त्यातून पाणी सुटते. मुका मार बसलेला भाग तर कापूनच टाकावा लागतो.

कायद्यांची सुरुवात रेल्वेपासून झाली. अमेरिकेने १८७३ मध्ये जनावरांना २८ तासांहून अधिक काळ पाणी, चारा व विश्रांतीशिवाय नेण्यास मनाई केली. तिथलाच १९५८ चा कत्तलविषयक कायदा १९७८ मध्ये हाताळणीलाही लागू झाला. कोंबड्या मात्र त्याच्या बाहेरच राहिल्या. भारतात जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ चे आणि कत्तलखान्यांचे २००१ चे आहेत. कत्तलखान्यांच्या नियमांनुसार एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत.

सर्वांत बिकट प्रश्न उठू न शकणाऱ्या जनावराचा. त्याला ओढत नेणे बहुतेक नियमांत निषिद्ध आहे. जागेवरच बेशुद्ध करून मारावे किंवा त्यासाठीच बनवलेल्या साधनावर उचलून न्यावे, असे सांगितले जाते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कत्तलखान्यात अशा गाईंना फोर्कलिफ्टने (ओझी उचलणाऱ्या यंत्राने) आणि विजेच्या टोचणीने उठवताना छुपे चित्रण झाले. त्यानंतर १४ कोटी पौंडांहून अधिक गोमांस परत मागवावे लागले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने उठू न शकणाऱ्या मोठ्या गुरांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घातली. त्या कत्तलखान्यात सरकारी निरीक्षक नेमलेले होते.