पोलीस गोळीबारातील मृत्यूची चौकशी (कोल्हापूर जिल्हा)

पोलिसांच्या गोळीने माणूस दगावला की गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याचे कृत्यही तपासाखाली येते. ही चौकशी सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात दिलेल्या १६ निर्देशांनुसार होते. प्रकरण मुंबईचे होते. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे १३५ जीव, हा त्याचा विषय. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे हे निर्देश कोल्हापुरातही कायद्याइतकेच बंधनकारक आहेत.

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली आहे आणि अधीक्षकांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. बंदोबस्तावरच्या बहुतेक अंमलदारांच्या हातात काठीच असते. पिस्तुले मुख्यतः अधिकारी, अंगरक्षक आणि स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा (एलसीबी) यांच्याकडे दिसतात. जानेवारी २०२० मध्ये किणी टोल नाक्यावर राजस्थानच्या टोळीशी गोळीबार झाला तेव्हा आरोपी जखमी होऊन पकडले गेले. मृत्यू झाला नाही म्हणून असे प्रकरण सोपे होते, असा समज ठाण्यांत आढळतो. तो चुकीचा आहे, कारण २०१४ च्या निकालाने गंभीर दुखापतीच्या चकमकींनाही शक्य तितके हेच नियम लावले आहेत.

गोळी कधी चालवता येते

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक करताना आवश्यक तेवढे बळ वापरता येते. मात्र ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्या कलमातून मिळत नाही. ‘पळत होता’ एवढे कारण म्हणूनच पुरत नाही. राहतो तो स्वसंरक्षणाचा हक्क (भारतीय न्याय संहिता, कलमे ३४ ते ४४), आणि तो पोलिसाला सामान्य माणसापेक्षा जास्त मिळत नाही. जमावाचे नियम वेगळे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ पासून पुढे. ७ जून २०२३ रोजी शहरात तणाव झाला तेव्हा लाठीमार आणि अश्रुधुरावर काम भागले.

पहिले काही तास

पुढे न्यायालयात जे टिकते किंवा कोसळते, त्याचा बराचसा भाग इथेच ठरतो. टीप मिळाली असेल तर पथक निघण्यापूर्वी ती ठाण्याच्या डायरीत लिहिलेली असावी लागते. नंतर घुसवलेली नोंद शाईवरून किंवा आधीच्या-नंतरच्या नोंदींच्या वेळांवरून उघडी पडते. मृत्यूचा गुन्हा नोंदवून त्याची प्रत विनाविलंब न्यायालयात जायला हवी. इथली नेहमीची पळवाट म्हणजे मृतावर खुनाच्या प्रयत्नाचा आणि शस्त्र कायद्याचा गुन्हा दाखल करायचा आणि मृत्यू मात्र ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून रजिस्टरला घ्यायचा.

तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यावा लागतो. त्यावर देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक दर्जा वरचा असावा लागतो. एलसीबीच्या कारवाईचा तपास करवीर किंवा शाहूपुरी ठाण्याकडे दिला तरी अधीक्षक एकच असतात, त्यामुळे सीआयडीकडे देणेच शहाणपणाचे.

शस्त्र ताबडतोब जमा करावे लागते. शस्त्रागाराच्या नोंदवहीत दिलेल्या राऊंडमधून परत आलेले वजा केले की झाडलेल्यांचा आकडा मिळतो. १० दिले आणि ७ परत आले, तर ३ पुंगळ्यांचा (झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांचा) हिशेब लागला पाहिजे. पिस्तूल पुंगळी बाजूला फेकते, त्यामुळे ती उसाच्या फडात किंवा चिखलात हरवते; तिथे मेटल डिटेक्टर लागतो. रिव्हॉल्व्हरची पुंगळी आतच राहते. नळी पुसलेली निघाली की संशय आपोआप वाढतो. हातावरचे गोळीचे अवशेष हात धुतल्याने, घामाने आणि नुसत्या वावरानेही काही तासांत झडतात. म्हणून मृताच्या आणि पोलिसांच्या हातांचे स्वॅब पंचनाम्याआधी घेतलेले बरे. पावसाळ्यात रक्त मिसळलेली माती पहिल्या सरीतच जाते.

शवविच्छेदन

कोल्हापुरात हे सहसा छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात होते. दोन डॉक्टर लागतात, त्यांतले एक शक्यतो रुग्णालयाचे प्रमुख, आणि चित्रीकरण बंधनकारक. किती अंतरावरून गोळी झाडली हा इथला सर्वांत कळीचा प्रश्न. पिस्तुलाच्या जखमेभोवतीची काजळी साधारण ३० सेंमीच्या आतली गोळी सांगते. दारूच्या कणांचे ठिपके साधारण ६० सेंमीपर्यंत, कधी त्याहून लांबूनही, पडतात. शस्त्र आणि काडतूस बदलले की हे आकडे बदलतात. कपडे ही खूण गाळून घेतात, म्हणून शर्ट फेकायचा नाही. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकमध्ये बांधला तर कुजतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करावा लागतो. ‘समोरून, दहा फुटांवरून’ असा जबाब आणि पाठीवर काजळीची जखम, हे एकत्र आले की पोलिसांची फिर्याद टिकत नाही.

चौकशी, आयोग, न्यायालय

दंडाधिकारी चौकशी (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६) कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे सहसा प्रांताधिकारी, करतात. मृत ताब्यात होता तर मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची. २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपीचा मृत्यू झाला, तेव्हा अशाच चौकशीच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला ४८ तासांत कळवायचे असते आणि दंडाधिकारी चौकशी तीन महिन्यांत संपवणे अपेक्षित असते. पोलीस महासंचालकांनी आयोगाला दर सहामाहीला विवरण पाठवायचे असते.

पथकातल्या सगळ्यांचे जबाब एकाच साच्यातले, अगदी ‘जमिनीवर लोळण घेऊन’पर्यंत शब्दशः सारखे येणे, हे दलातील आपलेपणाचे सर्वांत ठळक चिन्ह. स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र लेखनिकाकडून जबाब घेतले तर हा प्रकार बराच टळतो. सत्कार, हार आणि शौर्यपदकाची शिफारस हाही त्याच संस्कृतीचा भाग. शौर्य संशयातीत सिद्ध होईपर्यंत असे पुरस्कार आणि पाळीबाहेरची बढती देऊ नये, असे निर्देश आहेत. दुसऱ्या बाजूने, गोळी झाडलेल्या पोलिसाच्या कुटुंबाला कळवणे आणि कुटुंबाला गरज असल्यास वकील व समुपदेशन देणेही त्याच निर्देशांत आहे, पण त्याकडे दुर्लक्ष होते.

पोलिसावरील खटल्यासाठी त्याच संहितेच्या कलम २१८ खाली शासनाची मंजुरी लागू शकते. अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाल्याचे मानतात. कुटुंबाला नियम मोडल्याची तक्रार जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांकडे करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अशा याचिकांसाठी मुंबई गाठावी लागत नाही.