मक्तेदारीचं कुलूप कुठे असतं?

७ जून २००० रोजी अमेरिकेतले न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. विंडोज एका कंपनीकडे, ऑफिससह बाकीचं सॉफ्टवेअर दुसरीकडे. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने हा आदेश रद्द केला. बेकायदा मार्गांनी मक्तेदारी टिकवल्याचा ठपका मात्र राहिला.

तुकडे झाले असते तर मक्तेदारी मोडली असती का? विंडोजवर चालणारे सुमारे ७०,००० प्रोग्रॅम असल्याची नोंद जॅक्सन यांच्याच निष्कर्षांत आहे. प्रोग्रॅम विंडोजवर आहेत म्हणून लोक विंडोज घेतात, आणि लोक विंडोज वापरतात म्हणून नवे प्रोग्रॅमही तिच्यासाठीच लिहिले जातात. हे चक्र नव्या विंडोज कंपनीच्या हाती आयतंच गेलं असतं. वेगळी झालेली ऑफिस कंपनी लिनक्स या विंडोजच्या प्रतिस्पर्धी ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही ऑफिस बनवेल, हा न्यायालयाचा तर्क चुकीचा नव्हता. पण ती तसं करेलच, याची खात्री कोण देणार?

युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये वेगळी वाट धरली. ४९.७ कोटी युरो दंड आणि दोन आदेश. पहिला आदेश असा, की मीडिया प्लेअर नसलेली विंडोजही विकायची. ती आली, पण नेहमीच्या विंडोजइतक्याच किमतीला. साहजिकच ती जवळपास कुणी घेतली नाही.

खरा मोलाचा होता दुसरा आदेश. कार्यालयातला विंडोज संगणक सर्व्हरशी बोलतो, फाइल मागतो, पासवर्ड पडताळून घेतो. या बोलण्याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. ते गुप्त असले, की दुसऱ्या कुणाचा सर्व्हर कितीही चांगला असो, विंडोजपुढे तो मुकाच. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरची मंडळी कित्येक वर्षं नेटवर्कवरून जाणारे संदेश टिपत आणि त्यांचा अर्थ लावत हे नियम शोधत होती. आडभिंतीपलीकडचं बोलणं ऐकून भाषा शिकावी, तसं हे काम. आयोगाने कंपनीला सांगितलं, की या भाषेचं व्याकरण प्रतिस्पर्ध्यांना द्या. विंडोजचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमचा मजकूर, मात्र कुणी मागितला नव्हता. माझ्या मते या उपायाचं शहाणपण इथेच आहे: कंपनीची मेहनत तिच्याकडेच राहते, दार तेवढं उघडतं.

दार सहज उघडलं नाही. कागदपत्रांसाठी मागितलेली किंमत अवाजवी ठरली आणि २००८ मध्ये आणखी ८९.९ कोटी युरोंचा दंड झाला. त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, सांबाला ती कागदपत्रं एकरकमी १०,००० युरोंत मिळाली होती.

डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४ आलं. कार्यालयातल्या विंडोज संगणकांचं लॉग-इन मायक्रोसॉफ्टच्या नव्या पद्धतीने (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी) आता लिनक्स सर्व्हरवरूनही सांभाळता येऊ लागलं. २००४ च्या आदेशानंतर सुमारे पावणेनऊ वर्षांनी.