दुसऱ्या बाळाचं गणित

एक जुनं कोडं आहे. एका देशात प्रत्येक जोडप्याला मुलगा हवाच असतो. मुलगी झाली की पुन्हा पाळणा हलतो, मुलगा झाला की जोडपं थांबतं. अशा देशात मुलगे जास्त होतील की मुली?

कोणी म्हणतं मुलगे, कारण प्रत्येक घरात एक आहेच. कोणी म्हणतं मुली, कारण मुलग्याची वाट पाहता पाहता मुलींची रांग लागते. दोन्ही उत्तरं चुकीची. हजार घरं घ्या आणि सोयीसाठी मुलगा-मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरा. पहिल्या फेरीत ५०० मुलगे आणि ५०० मुली. मुलगेवाले थांबले. उरलेल्या ५०० घरांत पुढच्या फेरीत २५० आणि २५०. मग १२५ आणि १२५. प्रत्येक फेरीत बरोबरी, मग बेरीज वेगळी येणार कुठून? कधी थांबायचं हे जोडप्याच्या हातात असतं, पण नाणं दर वेळी नव्यानं उडतं.

म्हणजे नुसत्या मुलग्याच्या हव्यासानं जन्माचं गुणोत्तर हलत नाही. घरं मात्र बदलतात. मुलींच्या वाट्याला भावंडांनी भरलेली घरं येतात आणि दूध, औषधपाणी, शाळा सगळ्यांचीच वाटणी होते. पण गुणोत्तर हलायला आणखी दोन गोष्टी लागतात: छोटं कुटुंब आणि पोटातलं बाळ कोण आहे हे सांगणारं यंत्र.

निसर्गाचं नाणं तसं किंचित कललेलंच आहे. दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. जॉन आर्बथनॉट या डॉक्टरनं १७१० साली लंडनमधल्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या, तर एकही वर्ष असं निघालं नाही की ज्यात मुली जास्त होत्या. हा योगायोग असूच शकत नाही, असं त्यानं शक्यतेच्या गणितानं मांडलं आणि श्रेय थेट ईश्वराला दिलं. ईश्वराचं काही असो, लहानपणी मुलगे थोडे जास्त दगावतात आणि लग्नाच्या वयापर्यंत ही तफावत बरीच भरून निघते. (आपल्याकडे हजार मुलग्यांमागे मुली मोजतात, जगभर शंभर मुलींमागे मुलगे. १०५ म्हणजे आपल्या भाषेत ९५२. आकडे वाचताना हे उलटं-सुलटं भल्याभल्यांना चकवतं.)

आता चीन. तिथली लोकसंख्या 'एक मूल' धोरणानं आटोक्यात आली असं सर्रास म्हटलं जातं, पण तारखा वेगळं सांगतात. १९७० च्या सुमारास तिथं दर स्त्रीमागे जवळजवळ सहा मुलं होती. 'उशिरा, अंतर ठेवून, थोडी' या मोहिमेनंतर १९७९ पर्यंत हा आकडा तीनच्या खाली आला होता. मोठी घसरण आधीच झाली होती! तरी सप्टेंबर १९८० मध्ये कम्युनिस्ट पक्षानं आपल्या सदस्यांना खुलं पत्र लिहून एकाच मुलावर थांबायला सांगितलं. या निर्णयामागच्या आकडेमोडीत सोंग च्यान हे क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणाचे तज्ज्ञ पुढे होते. क्षेपणास्त्राचा मार्ग समीकरणानं वळवता येतो, मग लोकसंख्येचा का नाही, असा तो हिशेब. समीकरणात माणसांची संख्या होती. म्हातारपणी आपल्याला कोण सांभाळणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न नव्हता.

१९८३ मध्ये सक्तीचा कळस झाला. त्या एका वर्षात दोन कोटींच्या आसपास नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. गावागावांत असंतोष धुमसू लागला, तेव्हा १९८४ पासून नियम सैल झाला. बऱ्याच प्रांतांत ग्रामीण जोडप्यांना दुसऱ्या बाळाची मुभा मिळाली, पण पहिली मुलगी असेल तरच. सवलत म्हणून ती मोठीच होती. पण पहिली मुलगी हे पूर्ण मूल नव्हे, ही गावाची समजूत आता सरकारी कागदावर उतरली.

आणि इथंच गणित बिघडलं. पाच मुलं होणाऱ्या घरात एकही मुलगा नसण्याची शक्यता शंभरात तीन. दोनच मुलं असतील तर शंभरात पंचवीस. पूर्वी नशिबावर सोडता येत होतं. आता दुसरं बाळ म्हणजे शेवटची संधी. त्याच दशकात तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत सोनोग्राफी यंत्रं पोचली. २००० च्या जनगणनेत पहिल्या बाळांमध्ये १०० मुलींमागे १०७ मुलगे होते, म्हणजे निसर्गाच्या जवळपास. दुसऱ्या बाळांमध्ये १५२. आपल्या भाषेत हजारामागे ६५८ मुली. पहिल्या खेपेला नाण्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या खेपेला लावायचा, असं लाखो घरांनी एकमेकांना न विचारता ठरवलं होतं.

नसलेल्या सगळ्याच मुली गर्भात संपल्या असं मात्र नाही. काही दत्तक गेल्या. १९९० च्या दशकापासून लाखाहून जास्त चिनी मुलं परदेशी कुटुंबांत गेली, त्यांत मुलीच जास्त. काहींची नोंदच झाली नाही. २०१० च्या जनगणनेत नोंदणी नसलेली सुमारे एक कोटी तीस लाख माणसं सापडली. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, दवाखाना नाही, आगगाडीचं तिकीटही नाही.

गर्भलिंगनिदानावर बंदी होतीच, पण बंद खोलीत डॉक्टरची एक खूण पुरते. मग मुलीचं मोल वाढतं कशानं? याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर चहाच्या मळ्यांतून आलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेतीत सुधारणा आल्या आणि चहाला चांगला भाव मिळू लागला. चहाची कोवळी पानं खुडायला बुटक्या झुडपांपाशी चपळ बोटं लागतात आणि हे काम बायका करत. फळबागांत उंची आणि ताकद लागते, तिथं पुरुष. अर्थशास्त्रज्ञ नॅन्सी चियान यांनी दोन्ही प्रकारचे भाग तपासले. चहाच्या भागांत बाईची कमाई वाढली आणि मुलींचं प्रमाणही वाढलं. फळबागांच्या भागांत पुरुषांची कमाई वाढली आणि मुली घटल्या. नुसता पैसा आल्यानं मुलगी हवीशी होत नाही. तो कोणाच्या हातात येतो, यावर ते ठरतं.

ग्रामीण चीनमध्ये लग्न झालेल्या मुलीला 'सांडलेलं पाणी' म्हणतात. आपलं 'परक्याचं धन' निदान धन तरी आहे. तिथल्या खेड्यांत नवी पेन्शन योजना सुरू झाली ती २००९ मध्ये. तोवर मुलगा हाच विमा होता.

त्या विम्याचे हप्ते आता मुलगेच भरताहेत. लग्न न जुळलेल्या पुरुषाला तिथं 'ग्वांगगुन' म्हणतात, म्हणजे नुसती उघडी काठी, पालवी न फुटणारी. हे बहुतेक गरीब, कमी शिकलेले, दूरच्या खेड्यांतले. मुली आपल्यापेक्षा बऱ्या परिस्थितीतल्या घरांत, शहराकडे लग्न करून जातात आणि टंचाई उतरत उतरत सगळ्यात गरीब घरावर येऊन थांबते. वधूच्या घरी द्यायची रक्कम फुगते. म्यानमार, व्हिएतनाममधून फसवून आणलेल्या मुलींची खरेदी-विक्री होते. मुलगेवाली घरं घरासाठी आणि लग्नासाठी पोटाला चिमटा काढून पैसा साठवतात. शांग-जिन वेई आणि शियाओबो झांग यांच्या हिशेबानं १९९० ते २००७ या काळात चिनी कुटुंबांच्या बचतीचा दर जितका वाढला, त्यातली निम्मी वाढ या चढाओढीमुळे असू शकते. शहरांतल्या एकुलत्या एक मुलींचं मात्र फावलं. भाऊच नसल्यानं आईबापांनी शिक्षणाचा सगळा खर्च त्यांच्यावर केला.

हे सगळं फक्त सरकारी सक्तीमुळे झालं असंही नाही. दक्षिण कोरियात मुलांच्या संख्येवर कायद्याची मर्यादा नव्हती, तरी १९९० मध्ये गुणोत्तर ११६ च्या वर गेलं आणि पुढच्या काही वर्षांत तिसऱ्या बाळांमध्ये तर मुलगे मुलींच्या दुप्पट झाले. मग २००७ पर्यंत ते पुन्हा निसर्गाच्या जवळ आलं. शहरं वाढली, बायका कमावू लागल्या, म्हातारे मुलाच्या घरी राहीनासे झाले. पुढे २००८ मध्ये पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी नोंदणी पद्धतही गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं गर्भाचं लिंग सांगण्यावरचं उरलंसुरलं बंधनही रद्द केलं. मुलग्याचा हव्यास आता ओसरला आहे, असं कारण दिलं.

चीननं २०१६ पासून दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली. २०२० च्या जनगणनेत जन्माचं गुणोत्तर १११ वर उतरलं होतं, पण पुरुष स्त्रियांपेक्षा जवळजवळ साडेतीन कोटींनी जास्त होते. गुणोत्तराचा कळस होता २००४ साली, १२१. तिथं पुरुषांचं लग्नाचं किमान कायदेशीर वय २२ आहे, म्हणजे ते मुलगे लग्नाच्या रांगेत येतात २०२६ मध्ये. आणि त्यांच्या पुढे आधीच्या वर्षांतले, लग्न न जुळलेले, उभे आहेतच.