ओल्या भिंतीवर चढणारा साचा

काँक्रीटची भिंत ओतत जाताना तिच्यासोबत वर सरकणाऱ्या साच्याचं मूळ गगनचुंबी इमारतींत नाही, धान्याच्या कोठारांत आहे. १८९९-१९०० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ चार्ल्स हॅग्लिन यांनी फ्रँक पीवी या धान्यव्यापाऱ्यासाठी सुमारे ३८ मीटर उंचीचं गोल काँक्रीटचं कोठार बांधलं. साचा पोलादी कड्यांनी आवळायचा, आतला माल, म्हणजे ओलं काँक्रीट, घट्ट झाला की सैल करून वर घ्यायचा, पुन्हा आवळायचा. धान्य उपसताना हे फुटणारच, अशी लोकांची इतकी खात्री की नाव पडलं ‘पीवीचा वेडेपणा’. कोठार फुटलं नाही. ते आजही उभं आहे.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत साचा न थांबता सरकू लागला. तेव्हा साचा उचलणारे जॅक स्क्रूचे, हाताने फिरवायचे. शिट्टी वाजली की सगळ्या जॅकवाल्यांनी एकदम फिरवायचं. एखादा मागे राहिला की मचाण कलंडायला लागायचं. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये या कामासाठी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे जॅक आले आणि एका पंपावर सगळे जॅक सारखे उचलता येऊ लागले. त्यानंतर चिमण्या, पुलांचे खांब आणि टोरोंटोच्या सीएन टॉवरसारखे मनोरे या पद्धतीने उभे राहिले. मनोरा पिळत तर नाही ना, हे पाहायला मात्र ओळंबा लागायचाच.

न थांबता सरकणाऱ्या या साच्याला स्लिपफॉर्म म्हणतात; तो साधारण एक ते सव्वा मीटर उंचीचा असतो. तासाला १५ ते ३० सेंटिमीटर वर जातो, म्हणजे आज सकाळी ओतलेला माल दुपारी उघडा पडतो. तो कितपत घट्ट झालाय हे ठरवायची जुनी रीत साधी आहे: सळई वरून खुपसायची. ती कुठे अडते, तिथून खाली काँक्रीट उभं राहण्याजोगं झालेलं असतं. सळई फार खोल जायला लागली तर वेग कमी करायचा, नाहीतर माल खालून निसटतो. फार वर अडली तरी पंचाईत: काँक्रीट साच्याला धरून बसतं आणि उचलताना भिंतीला आडव्या भेगा जातात. उन्हात आणि रात्रीच्या गारठ्यात हे गणित वेगळं असतं, त्यामुळे कालचा वेग आज चालेलच असं नाही.

स्लिपफॉर्मचा भार जॅक-रॉडवर, म्हणजे जॅक ज्यांना धरून वर चढतात त्या उभ्या सळयांवर असतो. टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या साच्याची गोष्ट वेगळी: तो खालच्या टप्प्याच्या भिंतीत बसवलेल्या बोल्टवर टांगलेला असतो. म्हणजे माणसं, मचाण आणि ताजा माल, सगळ्यांचा भार काल ओतलेल्या काँक्रीटवर.

२७ एप्रिल १९७८ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे नेमकं तेच काँक्रीट सुटलं. वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर, म्हणजे गरम पाणी थंड करणारा मनोरा, सुमारे ५० मीटरपर्यंत आला होता. आदल्या दिवशीचा टप्पा थंडीमुळे पुरेसा पक्का झालेला नव्हता. वर माल ओढला जात असताना मचाण सोलल्यासारखं गोल फिरत खाली आलं. त्यावरचे ५१ कामगार गेले, एकही वाचला नाही. काँक्रीटची ताकद पुरेशी नसणं हेच सर्वांत संभाव्य कारण, असा तपासाचा निष्कर्ष होता.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘ओशा’ने, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, काँक्रीटकामाचे नियम नव्याने लिहिले. पुरेशी ताकद आल्याची खात्री झाल्याशिवाय साचा काढायचा नाही. स्लिपफॉर्मबाबत: वीज गेली किंवा उचलयंत्रणा बंद पडली तरी साचा जागच्या जागी धरून ठेवणारी आपोआप अडकण जॅकला हवी, आणि आधी ठरवलेला सुरक्षित वेग ओलांडायचा नाही. माझ्या मते पाळायला सर्वांत अवघड शेवटचा. पंप तर जास्त वेगानेही उचलू शकतो आणि मुदत नेहमीच जवळ आलेली असते.

२४ नोव्हेंबर २०१६ ला चीनच्या जियांगशी प्रांतातल्या फंगचंग इथे पुन्हा कूलिंग टॉवरचं मचाण कोसळलं आणि ७० हून अधिक माणसं गेली. तिथेही थंडीचे दिवस, घाईचं वेळापत्रक आणि काँक्रीट पक्कं होण्याआधी काढलेला साचा. मधल्या ३८ वर्षांत काँक्रीटचं तापमान नोंदवून ताकदीचा अंदाज देणारे सेन्सर आले होते. आजही अनेक साइटवर त्यांच्या जोडीला सळई असतेच. रात्रपाळीचा माणूस दर थराला ती खुपसून पाहतो आणि मगच उचलायची खूण करतो.