उन्हाळी बर्फातील छुपे धोके

उंच पर्वतांवर उन्हाळ्यात चढाई करताना वरून अखंड आणि घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली पोकळी, वाहते पाणी किंवा सुटलेला थर दडलेला असू शकतो. हिमभेगांवरचे हिमपूल, खडक आणि बर्फ यांच्यामधल्या फटी, बर्फाखालचे ओढे, धारेवरचे कॉर्निस (वाऱ्याने बांधलेले बर्फाचे छज्जे) आणि ओल्या बर्फाच्या घसरणी हे या धोक्यांचे मुख्य प्रकार. हिवाळ्यात धोका बहुधा नव्या बर्फाच्या भाराने येतो. उन्हाळ्यात तो बहुतेक वेळा खालचा आधार वितळून गेल्याने येतो आणि म्हणूनच डोळ्यांना दिसत नाही.

दिवसा वितळलेला पृष्ठभाग रात्री गोठतो आणि पहाटे क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांना बांधायच्या दातेरी साच्याचे, दात त्यात छान रुततात. मध्यरात्री किंवा त्यानंतर लगेच निघून ऊन चढायच्या आत परतण्याचा गिर्यारोहकांचा प्रघात यावरच उभा आहे. पण हे गोठणे केवळ हवेच्या थंडीवर अवलंबून नसते. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी त्याचा पृष्ठभाग कडक होतो. ढगाळ रात्री ढगांकडून ती उष्णता बरीचशी परत येते आणि बर्फ ओलाच राहतो. त्यामुळे निघण्यापूर्वी तापमापकाइतकेच आकाशाकडे पाहणे गरजेचे आहे. रात्र स्वच्छ असली, तरी गोठतो तो वरचा थर. खालून झिजून गेलेला बर्फ एका रात्रीत भरून येत नाही. पायाखालचा कडकपणा कालच्या रात्रीबद्दल सांगतो, खालच्या पोकळीबद्दल नाही.

याचे सर्वांत घातक रूप म्हणजे हिमपूल. हिमनदी उतारावरून सरकताना ताणली जाते आणि तिला भेगा पडतात. या भेगा, म्हणजे क्रेव्हास, साधारणपणे तीस-चाळीस मीटरपर्यंत खोल असतात. त्याखाली दाबामुळे बर्फ तुटण्याऐवजी वाहू लागतो. हिवाळी वाऱ्याने आणलेला बर्फ भेगेच्या तोंडावर साचून पूल तयार होतो. उन्हाळ्यात तो वरून उन्हाने आणि खालून भेगेतल्या हवेने व पाण्याने पातळ होत जातो. खचलेल्या पुलावर अनेकदा उथळ, लांबट खळगा दिसतो किंवा आजूबाजूच्या बर्फापेक्षा वेगळ्या रंगाचा पट्टा उमटतो. तिरप्या उन्हात तो ओळखू येतो. डोक्यावर ऊन आले किंवा धुके उतरले की सगळे एकसारखे पांढरे होते. सकाळी पूर्ण तुकडी पेललेला पूल दुपारी एकट्या माणसाखाली तुटू शकतो. इटालियन गिर्यारोहक रेनातो कासारोत्तो १६ जुलै १९८६ रोजी के-टूवरून एकटे उतरत असताना तळछावणीजवळच्या हिमनदीवर असाच पूल तुटून भेगेत पडले. त्यांना बाहेर काढले गेले, पण ते वाचले नाहीत. शिखराचा अवघड भाग मागे पडल्यावर, सपाट आणि ओळखीच्या वाटेवर सावधपणा सैल होतो. अशा वाटेवर दोर सोडणे ही मोठीच चूक आहे.

हिमनदीवर दोराने बांधून चालताना शक्यतो तिघे किंवा अधिक जण असावेत, त्यांच्यामध्ये दहा-पंधरा मीटर अंतर असावे आणि दोर ढिला पडू नये. वाट भेगांना काटकोनात छेदणारी हवी. भेगेच्या समांतर चालल्यास सगळे एकाच पुलावर येण्याची शक्यता असते. संशयास्पद जागी पुढचा माणूस आइस ॲक्सचा दांडा किंवा शोधकाठी खुपसून पाहतो. काठी अचानक विनाअडथळा आत गेली, तर खाली पोकळी आहे असे समजावे. पडलेल्याला लवकर वर काढणे अत्यावश्यक असते, कारण अरुंद भेगेत अडकलेल्या शरीराच्या उबेने कडेचा बर्फ वितळतो आणि माणूस आणखी खाली रुतत जातो.

हिमनदी नसलेल्या उतारांवरही पोकळ्या असतात. उन्हात तापलेला खडक शेजारचा बर्फ वितळवतो आणि दोघांमध्ये खोल फट पडते. बर्फाच्या पट्ट्यावरून खडकावर पाय टाकताना कडेचा पातळ बर्फ हमखास दगा देतो. घळींमध्ये ओढे बर्फाला आतून पोखरून बोगदे करतात. पायाखालून पाण्याचा आवाज आला तर घळीच्या मध्यावरून बाजूला सरकावे. एखादा मोठा दगड बर्फातून डोके काढत असेल, तर त्याच्या भोवतीचा बर्फही कच्चाच समजावा.

धारेवर वाऱ्याने बांधलेला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, वाऱ्याच्या बाजूने साध्या उतारासारखा दिसतो. तो मोडतो तेव्हा तुटीची रेषा बाहेर लोंबणाऱ्या भागापुरती न राहता धारेच्या बरीच आत येऊ शकते. नंगा पर्बतचे पहिले आरोहण करणारे हेरमान बूल २७ जून १९५७ रोजी चोगोलिसा शिखरावर खराब हवेत उतरताना कॉर्निस तुटल्याने गेले.

उन्हाळा म्हणजे नवा बर्फ नाही, हा समजही चुकीचा आहे. नेपाळच्या हिमालयात पावसाळ्याचे महिनेच उंचावर भरपूर बर्फ टाकतात, आणि तो उघड्या भेगा झाकून टाकतो. आल्प्समध्ये १२ जुलै २०१२ रोजी माँ मोदी शिखरावर बर्फाची लादी सुटून नऊ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. ओल्या बर्फाच्या घसरणी वेगळ्या: वितळलेले पाणी थरांत मुरते, कणांची पकड सुटते आणि जड, दाट लोंढा खाली येतो. उतारावरून आपोआप गुंडाळत येणारे बर्फाचे गोळे ही त्याची पूर्वसूचना असते.

शून्य अंश तापमानाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्यावर येते ती उंची, आता वर सरकते आहे. स्वित्झर्लंडवर ती २५ जुलै २०२२ रोजी ५,१८४ मीटर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५,२९८ मीटर उंचीवर नोंदली गेली. आल्प्सचे सर्वोच्च शिखर माँ ब्लाँ सुमारे ४,८०० मीटर आहे. अशा दिवसांत शिखरावरही रात्रीच्या गोठण्याचा भरवसा उरत नाही. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतील मार्मोलाडा हिमनदीचा मोठा तुकडा सुटला आणि अकरा जण मरण पावले. वितळलेले पाणी बर्फातल्या भेगांत आणि तळाशी साचल्याने त्याचा आधार सुटला होता.