स्फिंक्सच्या डोक्यावर बसायचं तर...

रविवारी दुपारी भाच्याबरोबर 'जंपर' पाहिला. २००८ सालचा, डग लायमनने दिग्दर्शित केलेला. डेव्हिड राइस नावाच्या तरुणाला क्षणात कुठूनही कुठेही जाता येतं. अशी शक्ती हाती आल्यावर पठ्ठ्या काय करतो, तर बँकेची तिजोरी साफ करतो आणि जगभर उंडारतो. मग विजेच्या तारा घेतलेले मारेकरी मागे लागतात आणि उरलेला सिनेमा पळापळीत संपतो. हे सगळं घडतं कसं, याबद्दल चकार शब्द नाही.

डोक्यात राहिलं ते एकच दृश्य. इजिप्तमधल्या स्फिंक्सच्या डोक्यावर डेव्हिड खुर्ची टाकून निवांत जेवायला बसलाय. समजा, न्यूयॉर्कच्या घरातून त्याने थेट तिथे उडी मारली. मग तो त्या खुर्चीत टिकेल का?

धावत्या लोकलमधून उतरणारा माणूस फलाटावर चार पावलं पळतो. गाडी सोडली तरी गाडीचा वेग अंगात असतो. पृथ्वी हीसुद्धा गाडीच. विषुववृत्तावर ती सेकंदाला ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे धावते. न्यूयॉर्क उत्तरेला असल्याने तिथे हा वेग ३५२ मीटर, स्फिंक्स जिथे आहे त्या गिझाला ४०३. म्हणजे फरक ५० मीटरचाच ना?

नाही. वेगाला दिशाही असते. एका संत्र्याच्या सालीवर काडेपेटीच्या दोन काड्या आडव्या चिकटवा, दोन्ही 'पूर्वेकडे' तोंड करून, पण एकमेकींपासून पाव फेरीहून जरा जास्त अंतरावर. काड्यांची टोकं भलत्याच दिशांना जातात. न्यूयॉर्क आणि गिझा यांच्या रेखांशांत १०५ अंशांचा फरक आहे, त्यामुळे त्यांच्या 'पूर्वा'ही तेवढ्याच फाकलेल्या. सदिशांची, म्हणजे दिशेसकट वेगांची, वजाबाकी केली की उत्तर येतं सेकंदाला ६०० मीटर, आवाजाच्या पावणेदोन पट! त्याचे घटक पाडले तर ४९४ मीटर पश्चिमेला, १७० दक्षिणेला आणि २९४ मीटर सरळ वर. थोडक्यात, डेव्हिड स्फिंक्सवर प्रकटेल आणि त्याच क्षणी आकाशात भिरकावला जाईल. ७५ किलोच्या माणसाची ही गतिज ऊर्जा साधारण सव्वातीन किलो टीएनटी या स्फोटकाइतकी भरते.

याच सिनेमात टोकियोमध्ये डेव्हिडचा साथीदार ग्रिफिन मोटारीसकट उड्या मारतो आणि मोटारीचा वेग उडीनंतरही कायम राहतो! मोटारीचा राहतो, मग पृथ्वीचा कुठे गेला?

भाच्याने विचारलं, "मामा, पण हे आता लॅबमध्ये जमलंय ना?" जमलंय ते वेगळंच. १९९३ साली सहा शास्त्रज्ञांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची कल्पना मांडली, १९९७ साली झायलिंगर यांच्या गटाने ते प्रकाशकणांवर करून दाखवलं, आणि २०१७ साली चीनच्या मिशियस उपग्रहापर्यंत १,४०० किलोमीटरवर ते साधलं. पण तिथे जाते ती कणाची अवस्था, कण नव्हे. मूळ अवस्था त्यात पुसली जाते, आणि एक साधा निरोप प्रकाशाच्या वेगाने किंवा त्याहून हळू पाठवावाच लागतो. एवढ्यावरून 'लवकरच माणूसही' असे मथळे छापणारे, आणि 'क्वांटमने सिद्ध झालं' म्हणून बाबांच्या एकाच वेळी दोन गावी दिसण्याच्या कथा पुढे ढकलणारे, दोघेही एकाच माळेचे मणी.

भाच्याला मात्र वेगळीच काळजी. "वर उडाला की हवेतच परत घरी उडी मारायची, झालं!" मारू दे की. आकाशात मिळालेला वेग काही क्षणांत हवेने खाल्ला, असं धरू. आता तो गिझाच्या हवेबरोबर, म्हणजे गिझाच्याच वेगाने फिरतोय. परतीच्या उडीत हिशेब उलटा होतो आणि वर जाणारा घटक खाली वळतो. डेव्हिड आपल्या दिवाणखान्यात प्रकटेल तो सेकंदाला २९५ मीटर वेगाने जमिनीकडे निघालेला.

खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते सिनेमात दाखवलेलं नाही.